दोन परीक्षा आणि एक क्रमांक

पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या भिलाईत मुलाने अभियंता व्हावे ही आकांक्षा जुनीच आहे. त्यासाठीची जेईई मेन ही प्रवेशपरीक्षा २०१९ पासून एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा देता येते. मग जानेवारीचे गुण ग्राह्य धरायचे की एप्रिलचे?

दोन्ही प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण असतील असे नाही. म्हणून नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची ठरेल. त्याऐवजी त्या सत्रातील दर शंभर परीक्षार्थींपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळाले, हे पाहिले जाते. यालाच पर्सेंटाइल म्हणतात. जानेवारीत ९५ आणि एप्रिलमध्ये ९२ पर्सेंटाइल मिळाल्यास ९५ धरले जाते. दुसऱ्या प्रयत्नाने नुकसान होत नाही. मात्र एका सत्रातील गणित आणि दुसऱ्यातील भौतिकशास्त्र यांची मोट बांधता येत नाही. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये एसएटी परीक्षेच्या बाबतीत तशी मुभा देतात.

रायपूरच्या एनआयटीचा प्रवेश या क्रमावर होतो. खुद्द भिलाईत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीचे दार मात्र निराळे आहे, आणि पालकांची गफलत होते ती बहुधा येथेच. तेथे जेईई मेन ही केवळ पात्रता होय. खरी कसोटी असलेली जेईई अॅडव्हान्स्ड वर्षातून एकदाच होते आणि लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. प्रवेशासाठी त्याच वर्षीचा क्रम चालतो. पहिल्या वर्षी मिळणारी जागा सोडून पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला, दुसऱ्या खेपेस घसरण झाली तरी, मागील क्रमाचा आधार घेता येत नाही.