वसंतातील रानवाटा आणि नोंदवहीतील दोन रकाने

माघ सरून फाल्गुन लागला की सह्याद्रीच्या उतारावर पळस आणि पांगारा फुलतो. होळी, तिथीप्रमाणे येणारी शिवजयंती आणि पाठोपाठ परीक्षा संपल्याचा आनंद, यांमुळे गडकिल्ल्यांवर व देवरायांत माणसांची वर्दळ वाढते. याच दिवसांत रुग्णालयाच्या आकस्मिक विभागाची नोंदवहीही निराळ्या नोंदींनी भरू लागते. मी वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. तथापि त्या वहीतील दोन रकाने मी आवर्जून पाहतो : 'घटनेची वेळ' आणि 'रुग्णालयात आणल्याची वेळ'. या दोहोंतील अंतरावर रुग्णाचे भवितव्य पुष्कळ अंशी ठरते.

प्रथम मधमाश्यांविषयी. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांना आग्या मोहोळे उघड्यावर लटकलेली असतात. धूर, दगड, गोंगाट वा उग्र सुगंधी द्रव्ये यांनी ती चवताळतात. माशीचा काटा कातडीत राहतो आणि त्यातून सुटणारा गंध इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो. म्हणून हात झटकत उभे राहू नये. तोंड व मान झाकून बंद घर किंवा वाहन गाठावे. पाण्यात उडी मारणे व्यर्थ, कारण माश्या वर घोंघावत राहतात. काटे मिळेल त्या साधनाने तत्काळ काढावेत; त्यांच्या पिशवीतून विष झिरपतच असते. श्वास अडखळणे, ओठ-जीभ सुजणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसताच मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच तरणोपाय.

दंशांची संख्या मोठी असेल तर विषाने स्नायू व रक्तपेशींची हानी होऊन मूत्रपिंडावर आघात होऊ शकतो आणि तो पुढील एक-दोन दिवसांत प्रकट होतो. "पेशंट तर हसतोय, मग घरी का सोडत नाही?" असे विचारीत नातेवाईक माझ्या कार्यालयात येतात, बिल वाढविण्याचा संशयही क्वचित बोलून दाखवितात. लघवी कमी वा गडद होते का, हे पाहण्यासाठीच रुग्णास ठेवलेले असते, एवढे त्यांनी समजून घ्यावे.

विंचवाची गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. कोकणातील लाल विंचू चिरे, लाकूडफाटा व कौलांच्या फटींत दडतो. मुक्कामी काढून ठेवलेले बूट हीही त्याची आवडती जागा. एके काळी त्याच्या दंशाने गंभीर झालेले सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत. महाड परिसरात सेवा करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र औषध वेळेवर पोटात गेले पाहिजे. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसत असताना मांत्रिकाकडे गेलेले दोन तास परत मिळत नाहीत. बालकांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये.

आता सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे वापरतात. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनावर नव्हे, शिरलेल्या विषावर ठरते. म्हणून सहा वर्षांच्या मुलासही प्रौढाइतक्याच कुप्या लागतात. दंशाच्या जागी चिरा देऊ नयेत, आवळपट्टी बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णास चालू न देता आणावे. या कुप्यांना वापराची मुदत असते. न वापरलेल्या कुप्या ताळेबंदात तोटा म्हणून दिसतात, आणि हिशेबतपासनीस त्याबाबत रीतसर विचारणा करतात. हा साठा कमी करावा असे मला कधीही वाटलेले नाही. देणगीदारांनीही त्या नोंदीकडे उधळपट्टी म्हणून पाहू नये, ही विनंती.

दोडामार्ग वा सत्तरीच्या जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत. तेथे गोचिडींमुळे माकडताप होतो. परतल्यावर आठवडाभरात ताप आल्यास जंगलात गेल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगावे. उन्हाविषयी वेगळे काय लिहावे? अकराच्या आत गड उतरावा.

निघण्यापूर्वी वाटेवरील कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे, हे दूरध्वनीवरून विचारून कागदावर लिहून घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यात २०१४ पासून कार्यरत आहे. मात्र कड्याकपारीत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून पायथ्याच्या गावातील एखाद्या घरी आपली वाट व परतण्याची वेळ सांगून ठेवावी.