पावलं मोजणारी चटई

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि तिथल्या मोजणीत एका कागदाचीही चूक खपत नाही. सातपूरच्या मायकोत (कंपनी कधीच बॉश झाली, पण चौकाचं नाव आणि गावाचं तोंड अजून मायकोच म्हणतं) डिझेल इंजिनाच्या नोझलचं भोक मायक्रॉनमध्ये मोजतात. ओझरला विमानं बांधतात, तिथेही मोजमाप इतकंच काटेकोर. मोजणं हा या गावाचा पोटापाण्याचा धंदा आहे म्हणा ना. तरीही दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभाला गोदाकाठी लोटणारी माणसं किती, हे मात्र या गावात परवापरवापर्यंत अंदाजपंचेच सांगितलं जायचं.

हा लेख त्या अंदाजपंचेवर काढलेल्या एका उपायाबद्दल आहे. उपाय दिसायला अगदीच साधा: जमिनीवर अंथरायची एक चटई.

२७ ऑगस्ट २००३ हा शाही स्नानाचा दिवस होता. त्या दिवशी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. त्या पिढीतल्या नाशिककरांच्या घरात हा विषय अजूनही हलक्या आवाजात निघतो. आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो तेव्हा पायाखाली तुडवली गेलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात अशा गर्दीत बहुतेकांचा जीव उभ्या उभ्या गुदमरून जातो. छातीवर चहूबाजूंनी इतका दाब येतो की श्वास घ्यायला फासळ्या फुलतच नाहीत. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर दाटी वाटते, पण निभतं. आकडा सहा-सातवर गेला की माणूस आपल्या पायांनी चालत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि तिच्या लाटा उठतात. एक चौरस मीटर म्हणजे दोन फुटी तीन फरशाही नव्हेत. तेवढ्या जागेत सात माणसं उभी करून बघा म्हणजे कळेल.

म्हणजे प्रश्न मोजणीचाच आहे. अमुक गल्लीत आत्ता किती माणसं शिरली आणि किती बाहेर पडली, हे बंदोबस्तावरच्या माणसाला वेळेत कळलं तर मागचा रस्ता अडवता येतो. वेळेत, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा त्याच्या काय कामाचा?

२०१५च्या सिंहस्थाआधी दीड-दोन वर्षं नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरं भरू लागली. मुळात नाशिकचे असलेले रमेश रासकर तेव्हा अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक होते. पुण्याच्या सीओईपीतून शिकून गेलेला हा माणूस. सेकंदाला एक लाख कोटी चित्रं या वेगाने प्रकाशाचा प्रवास टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे जगभर नाव झालेला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंभाकडे तंत्रज्ञाच्या नजरेने पाहिलं. काही आठवड्यांसाठी इथे एक अख्खं शहर उभं राहतं. त्याला रस्ते, पाणी, दवाखाने, जेवण, संडास सगळं लागतं आणि मग ते शहर उठून जातं. नव्या कल्पना आजमावायला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? शिबिरात एमआयटीचे विद्यार्थी होते तसे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं, डॉक्टर, उद्योजक, महापालिकेचे आणि पोलीस खात्याचे लोकही होते. साथीच्या रोगांची नोंद ठेवणारी यंत्रणा, उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा अशा कितीतरी कल्पना तिथे निघाल्या. काही तगल्या, काही शिबिराबरोबरच संपल्या. संपल्या त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, अशा जागांचा तो रिवाजच असतो.

तगलेल्यांपैकी एक म्हणजे ही चटई. नाव ‘आशिओतो’. जपानीत त्याचा अर्थ पावलांचा आवाज. आपल्याकडे ‘पदरव’ असा नेटका शब्द असताना जपानपर्यंत जायची काय गरज होती, असं माझ्या मनात येऊन गेलं खरं. पण बारसं करायचा हक्क करणाऱ्यांचा. आणि करणाऱ्यांमध्ये निलय कुलकर्णी हा शाळकरी वयाचा मुलगा होता. पुढे टेडच्या व्यासपीठावरून त्याने या चटईची गोष्ट जगाला सांगितली.

अशा चटईचं तत्त्व घरच्या टेबलावर करून बघता येतं. कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा एक पातळ काळा पत्रा मिळतो. तो दाबला की त्याचा विद्युत रोध कमी होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी लावायची, एका ठरावीक रोधकाबरोबर जोडायची आणि मधल्या बिंदूवरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डाने वाचत राहायचं. पाय पडला की आकडा उसळतो, उचलला की खाली येतो. ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की एक पाऊल. सामान लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरून आणा नाहीतर घरपोच मागवा, एका रविवारात हे उभं राहतं.

सोमवारी रडगाणं सुरू होतं. एकच पाय टेकताना आकडा दोनतीनदा थरथरतो आणि यंत्र एका माणसाचे तीन करतं. म्हणून एकदा मोजलं की काही मिलिसेकंद कान बंद ठेवायला शिकवावं लागतं. चटई जास्त रुंद केली तर एक माणूस दोन पावलं टाकून जातो आणि अरुंद केली तर कोणी ती ओलांडूनच जातो. म्हाताऱ्या आजींचं पाऊल छोटं, नागा साधूची ढांग मोठी. कडेवरचं मूल तर मोजलंच जात नाही. कोणी मधेच थांबून पिशवी खाली ठेवतं. शिवाय कुंभातली माणसं अनवाणी आणि नदीतून ओली येतात. वर ऑगस्टचा पाऊस आणि पायांचा चिखल. टेबलावर शहाण्यासारखा वागणारा पत्रा ओलाव्याने वेडावतो, तारांचे सांधे सुटतात आणि डाख पुन्हा मारावा लागतो. यातली एकही अडचण पुस्तकात भेटत नाही. माझ्या मते एकत्र येऊन काम करायच्या जागांची खरी गरज इथे लागते. एकट्या पोराला कोड लिहिता येईल, पण रबराचे दोन थर कशाने चिकटवले म्हणजे हजारो पायांखाली सुटणार नाहीत, हे सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधला माणूस चटकन सांगतो.

मग कॅमेरे का नकोत? दाट गर्दीत कॅमेऱ्याला डोक्यांमागची डोकी दिसत नाहीत, रात्री आणि पावसात आणखी पंचाईत. मोबाइलच्या सिग्नलवरून मोजावं तर खेड्यातून आलेल्या प्रत्येक आजोबांच्या खिशात फोन असेलच असं नाही. पाय मात्र प्रत्येकाला जमिनीवर टेकावेच लागतात.

२०१५च्या कुंभात आशिओतो प्रत्यक्ष अंथरली गेली. अठरा तासांत तिने सुमारे पाच लाख माणसं मोजली आणि आकडे मोजणी चालू असतानाच पडद्यावर दिसत होते. भागाकार करून पाहा: सेकंदाला जवळजवळ आठ माणसं. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर ही नाशिकची तिन्ही शाही स्नानं त्या वर्षी चेंगराचेंगरीविना पार पडली. याचं श्रेय चटईला द्यायचा मोह होतो, तो आवरलेला बरा. बॅरिकेड, पोलीस, स्वयंसेवक यांचा वाटा त्यात फार मोठा. चटई त्या व्यवस्थेतला एक छोटा, पण खात्रीने आकडा सांगणारा भाग होती.

कुंभ उठला तरी एकत्र येऊन उपाय घडवायची सवय पूर्ण उठली नाही. टीसीएसने नाशिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ सुरू केलं. तिथे तरुणांनी गावातला खरा प्रश्न शोधायचा, लोकांत फिरायचं आणि मग उपकरण घडवायचं, असा क्रम आहे. महाराष्ट्रात या वाटेवर फार आधी चालले ते डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी संपवून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या साथीने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे कोणालाही वस्तू घडवून बघता येईल अशी कार्यशाळा, उभी राहिली. तोवर एमआयटी सोडली तर जगातल्या मोठमोठ्या शहरांतही अशी लॅब नव्हती. दुष्काळी पाबळमध्ये ती आली, याचं मला अजून नवल वाटतं.

एक गोष्ट चटईच्या प्रेमात पडलेल्यांनी विसरू नये. २९ जानेवारी २०२५ला प्रयागराजच्या महाकुंभात पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार ३० माणसं गेली. तिथे गर्दी मोजायला कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे होते. उपकरण आकडा सांगतं. तो ऐकून ‘आता हा रस्ता बंद’ असं म्हणणारा अधिकारी आणि त्याचं ऐकणारी गर्दी ही दोन्ही सोल्डरिंगने जोडता येत नाहीत.

पुढचं सिंहस्थ स्नान २०२७ मध्ये आहे. तुमच्या घरात ब्रेडबोर्डशी खेळणारं पोर असेल तर त्याला एखाद्या संध्याकाळी आरतीच्या वेळेला रामकुंडावर घेऊन जा. हातात कागद-पेन्सिल द्या आणि एका पायवाटेवरून दहा मिनिटांत किती माणसं गेली ते रेघा मारून मोजायला सांगा. शेजारी बसून तुम्हीही मोजा. दोघांचे आकडे जुळले नाहीत की घरी येऊन पत्रा कापायला घ्या.