झोपेचा आलेख आणि एक विद्यार्थी

मेंदू आणि जाणीव यांच्या संशोधनात विद्यार्थ्याला संधी मिळते, तेव्हा त्याच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते? बहुधा एखादे कंटाळवाणे काम, अडगळीतले यंत्र आणि रात्रीचे जागरण. १९५१ साली शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याच्या वाट्याला याहून अधिक काही आले नव्हते.

तो त्या वेळी तिशीत होता. दंतवैद्यकाचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले होते, सैन्यात नोकरी केली होती. पदवी मात्र त्याच्याजवळ नव्हती आणि संसाराचा भार होता. निद्रेचे नामांकित अभ्यासक प्राध्यापक नॅथनिएल क्लाइटमन यांनी त्यास अर्भकांच्या पापण्यांची उघडझाप न्याहाळीत बसण्याचे काम सोपविले. निद्रा म्हणजे मेंदूचा निव्वळ विश्राम, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे झोपलेल्या माणसाचा रात्रभर आलेख घेणे म्हणजे कागदाची नासाडीच वाटे.

अ‍ॅसेरिन्स्कीने ती नासाडी केली. मेंदूतील विद्युत्-तरंग व डोळ्यांच्या हालचाली नोंदविणारे एक जुने यंत्र तळघरातून मिळवून त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या तारा जोडल्या. रात्री लेखण्या एकाएकी जोराने हेलकावू लागल्या. मूल जागे झाले असावे, म्हणून तो पाहावयास गेला, तो मूल गाढ झोपेत! प्रथम त्यास यंत्राचाच संशय आला. तो संशय रास्तच होता; जुन्या यंत्राच्या खोड्या त्यास ठाऊक होत्या. दोन्ही डोळ्यांची नोंद निरनिराळी घेऊन त्याने खात्री करून घेतली. क्लाइटमन यांनीही स्वतःच्या मुलीवर तोच प्रयोग करून पाहिला.

१९५३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. डोळे हलत असताना २७ वेळा झोपलेल्यांना उठवून विचारले, तेव्हा २० वेळा स्वप्नाचे वर्णन मिळाले. डोळे स्थिर असताना २३ पैकी १९ वेळा काहीच आठवले नाही. झोपेतील जाणिवेचा माग आता कागदावर घेता येऊ लागला. हे काम पुढे नेले ते विल्यम डिमेंट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने. अ‍ॅसेरिन्स्की मात्र पोटापाण्यासाठी शिकागो सोडून सॅमन माशांवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो, हे तपासण्याच्या कामाला लागला.

भारतातही या विषयाची दारे विद्यार्थ्यांना बंद नाहीत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन छात्रवृत्ती देत आल्या आहेत. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत मानवी निद्रेवर संशोधन होते. हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. दोन महिन्यांत शोध लागत नाही, हे खरे. परंतु डोक्यावर विद्युदग्रे नीट बसविणे आणि मेंदूचे तरंग कोणते व डोळ्यांच्या हालचालीने आलेखात मिसळलेली भेसळ कोणती, हे ओळखणे एवढे तरी त्या अवधीत शिकता येते.