मुक्काम पोस्ट डाकार

आफ्रिकेतल्या गायकाला पॅरिस-लंडनने हात दिला तरच त्याची कारकीर्द लांबते, असा एक समज आहे. सेनेगलच्या युसू न्दूर यांची चार दशकांहून मोठी वाटचाल मात्र वेगळेच सांगते. परदेशाने त्यांना नाव दिले, पैसाही दिला, पण टिकवून धरले ते डाकारने.

१९५९ साली डाकारच्या मेदिना वस्तीत जन्मलेले न्दूर आईकडून ग्रिओंच्या, म्हणजे वंशावळी आणि स्तुतिगीते गाणाऱ्यांच्या, परंपरेतले. त्यांच्या लहानपणी शहरातल्या क्लबांत क्युबन चालींचे राज्य होते. त्यांच्या पिढीने वोलोफ भाषा आणि साबार ढोल पुढे आणले आणि त्यातून म्बलाख हा प्रकार उभा राहिला. साबार एका हातातल्या काठीने आणि दुसऱ्या हाताच्या उघड्या तळव्याने वाजतो. तामा नावाचा छोटा ढोल काखेत धरतात. त्याच्या दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. न्दूर यांचे गिटारवादक जिमी म्बाय यांनी तर इलेक्ट्रिक गिटार खालाम या तिथल्या तंतुवाद्यासारखी बोलती केली. परक्या कानाला या संगीतातली सम चटकन सापडत नाही. डाकारच्या नाचणाऱ्यांना ती शोधावी लागत नाही. गायिका नेने चेरी यांच्याबरोबरचे ‘सेव्हन सेकंड्स’ हे गाणे १९९४ साली जगभर गाजले, तरी न्दूर या नाचणाऱ्यांसाठी वेगळ्या कॅसेटी काढतच राहिले. बाहेरच्या अल्बमपेक्षा त्या खडबडीत, ढोलांना मोकळे रान देणाऱ्या असत. त्यांच्या तियोसान क्लबात मध्यरात्रीनंतर कार्यक्रम रंगे आणि नवे गाणे तिथेच पारखले जाई. स्वतःचा स्टुडिओ, पुढे वृत्तपत्र, रेडिओ आणि दूरचित्रवाणी, सगळे त्यांनी डाकारमध्येच उभे केले. कमाई गावात गुंतवणारा कलावंत परदेशी कंपनीच्या मर्जीवर जगत नाही, आणि माझ्या मते त्यांच्या दीर्घायुष्याचे हेच मुख्य कारण आहे.

यावर ऑर्केस्ट्रा बाओबाबचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते वजनदार आहे. १९७० साली डाकारमध्ये सुरू झालेला हा वाद्यवृंद म्बलाखच्या लाटेत मागे पडला आणि ऐंशीच्या दशकात विसर्जित झाला. गिटारवादक बार्तेलेमी आतिसो टोगोला परतून वकिली करू लागले. गिटार बाजूला पडली. पुढे युरोपातल्या श्रोत्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांवर जीव लावला म्हणूनच २००१ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली. म्हणजे इथे वाचवले ते युरोपनेच. हे मान्य केलेच पाहिजे. पण घरचा श्रोता उठून गेल्यावर इतके गुणी वादक वर्षानुवर्षे गप्प बसले, हेही त्याच कहाणीत आहे. शिवाय युरोप ज्यावर भाळला ते संगीत डाकारच्याच क्लबांत, रात्रीमागून रात्र वाजवून घडले होते. पुनरागमनाच्या अल्बमच्या निर्मात्यांत खुद्द न्दूर होते, ज्यांच्या म्बलाखने या मंडळींना मागे सारले होते.

मिरियम माकेबांचा दाखलाही कुणी देईल. तीस वर्षे त्या दक्षिण आफ्रिकेबाहेर राहिल्या आणि तरी गात राहिल्या. पण ती त्यांची निवड नव्हती. वर्णद्वेषी सरकारने त्यांना परतू दिले नाही. त्या बळजबरीतून कारकिर्दीचा धडा काढणे अन्यायाचे होईल.

अधिक खरा आक्षेप असा, की घरचा श्रोता कलावंताला जखडतो. २००४ च्या ‘इजिप्त’ या अल्बममध्ये न्दूर यांनी सेनेगलच्या सूफी संतांची स्तुती कैरोच्या वाद्यवृंदासह गायली. मायदेशात अनेकांना ते खटकले. पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाल्यावर सूर बदलला. इथे परदेशी मान उपयोगी पडला, यात शंका नाही. तरी न्दूर यांनी ज्या संतांविषयी गायले ते सेनेगलचे होते आणि ज्यांचा राग ओढवून घेतला तेही. घरच्यांशी असा वाद घालण्याची ताकद मुक्काम न हलवणाऱ्यालाच मिळते. झिंबाब्वेचे ऑलिव्हर म्तुकुद्झी याच जातकुळीचे. साठहून अधिक अल्बम काढूनही त्यांनी देश सोडला नाही. हरारेजवळच्या नॉर्टनमध्ये त्यांनी पाकारे पाये हे कलाकेंद्र बांधले आणि २०१९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा झिंबाब्वेने त्यांना राष्ट्रीय वीर घोषित केले.