स्वयंसेवा विनामूल्य असते, फुकट नसते

शंभर मीटरच्या शर्यतीपूर्वी धावपटू अंगावरचे जाकीट उतरवून आपल्या मार्गिकेमागे ठेवलेल्या टोपलीत टाकतो. शिट्टी होण्यापूर्वीच एखादी तरुणी ती टोपली उचलते आणि ठरलेल्या वाटेने पलीकडे नेऊन ठेवते. पुढच्या दहा-अकरा सेकंदांत जे घडते ते सारे जग पाहते. शर्यत संपल्यावर धावपटूला आपली टोपली बिनचूक मिळते, आणि ती तेथे कशी पोहोचली याचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धेतील स्वयंसेवकाचे काम बहुतांशी असेच असते. ते नीट झाले तर दिसत नाही. चुकले तर मात्र तत्काळ लक्षात येते.

अहमदाबाद येथे २०३० साली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा होणार आहेत. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथील राष्ट्रकुल क्रीडा संघटनेच्या आमसभेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. १९३० साली कॅनडातील हॅमिल्टन येथे सुरू झालेल्या या स्पर्धांचे ते शताब्दी वर्ष असेल. मैदाने, रस्ते, निवासव्यवस्था आणि खर्च यांची चर्चा आता पुढील चार वर्षे होत राहील. त्या चर्चेत सहसा मागे पडणारा एक प्रश्न असा की, या स्पर्धेसाठी लागणारे हजारो स्वयंसेवक कोठून येतील आणि त्यांना कसे वागवले जाईल? गोव्यातील आणि विशेषतः बडोद्यातील मराठी तरुणांचा या प्रश्नाशी थेट संबंध येऊ शकतो. म्हणून ही व्यवस्था मुळात कशी चालते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

संकल्पना कशी घडली

क्रीडास्पर्धांत हौसेने मदत करणारी माणसे पहिल्यापासून होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये बालवीर पथकांतील मुले निरोप पोहोचवण्याचे काम करीत. मात्र अर्ज, निवड, प्रशिक्षण आणि नेमणूक अशा शिस्तबद्ध साखळीतून स्वयंसेवक घडवण्याची पद्धत अलीकडची आहे. अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे १९८० साली झालेल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून ती सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. तेथे सुमारे सहा हजार स्वयंसेवक होते. चारच वर्षांनी लॉस एंजेलिस येथे ही संख्या तीस हजारांच्या जवळ पोहोचली.

ऑलिम्पिक स्वयंसेवकाची व्याख्या प्रथम स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती बार्सिलोनाच्या १९९२ च्या स्पर्धेच्या अधिकृत अहवालात. तिचा आशय असा की, स्पर्धेच्या आयोजनात आपल्या कुवतीनुसार सहकार्य करण्याची निरपेक्ष बांधिलकी जो वैयक्तिकरीत्या स्वीकारतो आणि नेमून दिलेले काम कोणत्याही मोबदल्याविना करतो, तो स्वयंसेवक. या व्याख्येत दोन बाजू आहेत. एक निरपेक्षतेची आणि दुसरी नेमून दिलेल्या कामाची. पहिली बाजू भावनेची आहे, दुसरी शिस्तीची. पुढे जे वाद झाले, ते बहुतेक या दोहोंच्या ताणातून निर्माण झाले.

सिडनी येथे २००० साली सुमारे ४७ हजार स्वयंसेवक होते. स्पर्धा संपल्यावर त्या शहराने त्यांची रस्त्यातून मिरवणूक काढली आणि नागरिकांनी दुतर्फा उभे राहून त्यांचे स्वागत केले. बीजिंगमध्ये २००८ साली ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक मिळून ही संख्या एक लाखाच्या घरात गेली. त्याच वर्षीपासून समारोप सोहळ्यात खेळाडूंच्या प्रतिनिधींनी स्वयंसेवकांना पुष्पगुच्छ देण्याची प्रथा सुरू झाली.

काम नेमके कोणते

स्वयंसेवक म्हणजे प्रवेशद्वारापाशी उभा राहून दिशा दाखवणारा, एवढीच अनेकांची कल्पना असते. ते काम महत्त्वाचे आहेच; परंतु यादी त्याहून बरीच लांब असते. विमानतळावर पथकांचे स्वागत करणे, वाहने चालवणे, ओळखपत्रे तयार करून देणे, क्रीडाग्रामात पथकांच्या अडचणी सोडवणे, दुभाष्याचे काम करणे, पत्रकारांना निकालपत्रके पोहोचवणे, लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू सपाट करणे, पदकवितरणाच्या वेळी तबक धरणे, अशी ती वाढत जाते.

यांतील काही कामे साधी दिसली तरी नाजूक असतात. उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी निवडलेल्या खेळाडूला त्याची सूचना द्यायची आणि चाचणी कक्षात पोहोचेपर्यंत त्याला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचे नाही, हे काम अनेकदा प्रशिक्षित स्वयंसेवकाकडे असते. नुकताच पराभूत झालेला, रागावलेला किंवा रडवेला खेळाडू समोर असतो. त्याच्याशी अदबीने वागायचे आणि नियमही सोडायचा नाही. येथे ढिलाई झाली तर पुढे त्या नमुन्यावरून वाद उभा राहू शकतो. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, भाषातज्ज्ञ यांसारखे विशेष कौशल्य असणारे स्वयंसेवक वेगळ्या यादीतून निवडले जातात.

आपल्याकडे सेवेची परंपरा जुनी आहे. वारीच्या वाटेवर पाणी देणारे, जत्रेत गर्दी आवरणारे, गणेशोत्सवात रात्र जागवणारे कार्यकर्ते आपण पाहत आलो आहोत. तेथे माणसे ओळखीची असतात, चालीरीती ठाऊक असतात आणि अडचण आली तर गावातले जाणते तोडगा काढतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत यांपैकी काहीच नसते. समोरचा माणूस परक्या देशाचा, नियम छापील आणि वेळापत्रक मिनिटांचे. त्यामुळे तेथे केवळ उत्साह पुरत नाही.

निवड आणि प्रशिक्षण

लंडनच्या २०१२ च्या स्पर्धेचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. ७० हजार जागांसाठी सुमारे २ लाख ४० हजार अर्ज आले. अर्ज मागवण्याचे काम २०१० सालीच, म्हणजे दोन वर्षे आधी सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांत मुलाखती घेण्यात आल्या. निवड झालेल्यांना तीन पातळ्यांवर प्रशिक्षण मिळाले. पहिल्या पातळीवर स्पर्धेची एकूण ओळख, दुसऱ्या पातळीवर नेमलेल्या कामाची माहिती आणि तिसऱ्या पातळीवर प्रत्यक्ष क्रीडास्थळाची पाहणी. जिना कोठे, प्रथमोपचार कक्ष कोठे, आग लागल्यास कोणत्या दाराने बाहेर पडायचे, हे प्रत्येकाला आपापल्या जागी उभे करून शिकवले गेले.

किमान दहा दिवस काम करण्याची अट होती. गणवेश, कामाच्या वेळेतील जेवण आणि कामाच्या दिवशी शहरातील प्रवास एवढे आयोजकांनी दिले. राहण्याची सोय ज्याची त्याने करायची होती. लंडनबाहेरून आलेल्यांनी नातेवाईक, मित्र किंवा भाड्याच्या खोल्या यांचा आधार घेतला. स्वयंसेवेचा हा खर्च माहितीपत्रकात ठळकपणे दिसत नाही; परंतु तो असतो.

वादाची दुसरी बाजू

खर्चाचा हाच मुद्दा टोकियोच्या स्पर्धेपूर्वी जपानमध्ये ऐरणीवर आला. किमान दहा दिवस, रोज सुमारे आठ तास काम. प्रवासासाठी दिवसाला एक हजार येन. निवासाची सोय नाही. प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि पुरस्कर्त्यांकडून मोठी रक्कम जमा होत असताना घाम गाळणाऱ्यांनीच विनामूल्य का राबायचे, असा प्रश्न तेथील टीकाकारांनी विचारला. पुढे महासाथीमुळे स्पर्धा वर्षभर लांबली आणि सुमारे ८० हजार स्वयंसेवकांपैकी जवळपास दहा हजारांनी माघार घेतली. प्रेक्षकांविना स्पर्धा झाल्याने उरलेल्यांपैकी अनेकांना ठरलेले कामच राहिले नाही.

पॅरिसमध्ये २०२४ साली ४५ हजार जागांसाठी तीन लाखांहून अधिक अर्ज आले. यावरून वाद असूनही ओढ ओसरलेली नाही, असे दिसते. मात्र फ्रान्समध्ये स्वयंसेवकांचे हक्क व मर्यादा सांगणारी स्वतंत्र सनद आधीच प्रसिद्ध करण्यात आली होती. स्वयंसेवक हा नोकर नव्हे, त्याच्याकडून पगारी कर्मचाऱ्याची जागा भरून काढली जाऊ नये, हा तिचा गाभा होता. ही सीमारेषा प्रत्यक्षात किती पाळली गेली यावर तेथेही मतभेद झाले. तरीही ती कागदावर आणली गेली, हे महत्त्वाचे आहे.

आपल्या देशाचा अनुभव दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा. निवडलेल्या सुमारे २२ हजार स्वयंसेवकांपैकी जवळपास दहा हजारांनी स्पर्धेच्या तोंडावर काम सोडल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. अपुरे प्रशिक्षण आणि मनाजोगे काम न मिळाल्याची नाराजी ही कारणे पुढे आली. गणवेश घेऊन गेलेले अनेकजण परतलेच नाहीत, असेही सांगितले गेले. तरुणांच्या बेजबाबदारपणाकडे बोट दाखवणे सोपे आहे. परंतु आपले काम कोणते, कोठे आणि कोणाच्या हाताखाली, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत ज्याला कळत नाही, त्याला त्या कामाविषयी आपलेपणा कसा वाटावा? लंडनच्या आणि दिल्लीच्या तरुणांत मुळात फार अंतर नसावे. अंतर होते ते दोन वर्षांच्या तयारीचे.

आपल्यासाठी काय

गोव्याला या क्षेत्राचा अनुभव अगदीच नाही असे नाही. जानेवारी २०१४ मध्ये पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या लुसोफोनिया क्रीडा स्पर्धा येथे झाल्या आणि पोर्तुगाल, मोझांबिक, मकाव, पूर्व तिमोर येथील खेळाडू गोव्यात आले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपदही राज्याने भूषवले. शेजारी पुण्यात, बालेवाडीला २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या होत्या.

२०३० च्या संदर्भात गोव्याचे एक वैशिष्ट्य उपयोगी पडू शकते. मोझांबिक हा पोर्तुगीज भाषक देश १९९५ पासून राष्ट्रकुलाचा सदस्य आहे. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी यांच्या जोडीला पोर्तुगीज जाणणारा तरुण अशा पथकाचा सहायक म्हणून मोलाचा ठरेल. बडोदा तर अहमदाबादपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. गायकवाडांच्या काळापासून तेथे रुजलेल्या मराठी कुटुंबांतील मुले गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी सहज बोलतात. स्थानिक पोलीस, देशभरातून आलेला प्रेक्षक आणि परदेशी पाहुणा या तिघांशीही संवाद साधू शकणारी व्यक्ती कोणत्याही आयोजकाला हवीच असते.

इच्छुकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इतर स्पर्धांचा क्रम पाहता अर्ज स्पर्धेच्या एक-दोन वर्षे आधी मागवले जातात. सामान्यतः अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. अर्ज संयोजन समितीच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, आणि निवडीची हमी देऊन पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. मधल्या काळात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, एखादी परकी भाषा, स्थानिक मॅरेथॉन किंवा शालेय स्पर्धांतील प्रत्यक्ष काम यांचा अनुभव गाठीशी बांधता येईल. निवास, रजा आणि परीक्षांचे वेळापत्रक यांचा हिशेब अर्ज करण्यापूर्वीच मांडावा. निवड झाल्यावर नव्हे.

आयोजकांसाठीही एक पूर्वोदाहरण आहे. मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी वायव्य इंग्लंडमधील बेरोजगार व वंचित गटांतील लोकांसाठी स्वयंसेवेची पूर्वतयारी करून देणारा खास अभ्यासक्रम चालवण्यात आला. स्पर्धेनंतर स्वयंसेवकांची यादी अडगळीत न टाकता तिच्यातून एक कायम संस्था उभी राहिली आणि शहरातील पुढच्या कार्यक्रमांना तिचा उपयोग झाला. ज्याच्या घरी दहा दिवसांचा रोजगार बुडवणे परवडते, त्यालाच सेवेची संधी मिळावी, ही स्थिती बदलण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक तीव्र आहे. दुकानात काम करून शिकणारी मुलगी किंवा रोजंदारीवर जाणारा तरुण अहमदाबादला दहा दिवस स्वखर्चाने राहू शकणार नाही. त्यांच्यासाठी वसतिगृहातील जागा, प्रवासखर्च आणि पुढे नोकरीत दाखवता येईल असे कौशल्याचे प्रमाणपत्र, एवढी तरतूद केली तर तो खर्च एखाद्या मैदानाच्या तुलनेत किरकोळ ठरेल. स्वयंसेवकाला वेतन मिळत नसले तरी त्याच्या कामाची किंमत कोणीतरी चुकवतच असते. ती किंमत कोण आणि किती चुकवणार, याचा निर्णय गणवेश शिवून झाल्यावर घेऊन चालणार नाही. तो घेण्यास आज पुरेसा अवधी आहे.