अर्ध्या सेकंदाचे मौन

बोलण्यात जो विराम पडतो त्याचा अर्थ लावण्यास आपल्याला कोणी शिकवीत नाही. तरी आपण तो बिनचूक लावतो, अशी आपली खात्री असते. लग्नाची बोलणी चालली असता 'मुलगी पसंत आहे ना?' या प्रश्नाचे उत्तर वरपित्याने क्षणभर लांबविले की वधूपित्याच्या काळजात धस्स होते. उसने पैसे मागणाऱ्याला उशिरा आलेला होकार नकारासारखाच वाटतो. शब्दांनी माणूस जे लपवितो ते त्याचे मौन उघडे करते, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. पण ज्या मौनामागे काहीच नसते, जे माणसाच्या मनातून न येता थेट आकाशातून येते, त्याचे काय करावयाचे? हा प्रश्न मला पडला तो सुरतेच्या कतारगामात.

कतारगाम म्हटले की आम्हां बडोदेकरांना पहिल्याने आठवते ती तेथली पापडी. हिवाळ्यात उंधियू शिजवायचा आणि त्यात कतारगामची पापडी नसावयाची, ही गोष्ट अस्सल सुरती माणसाला सहन होणे कठीण. आता त्या भाजीच्या वाड्या बऱ्याचशा गेल्या आणि तापीकाठच्या या भागात हिऱ्यांचे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. सौराष्ट्रातून आलेले हजारो कारागीर घंटीवर मान वाकवून बसतात. त्यांच्या हातांतले खडे आफ्रिकेच्या नाही तर सैबेरियाच्या खाणींतून आलेले असतात. दूरदेशाशी संबंध ठेवणे हा या वस्तीचा नित्याचाच व्यवहार.

मी मात्र काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो तो हिरे पाहण्यास नव्हे. एका ठेकेदार पेढीच्या मुख्य कचेरीत माझे काम होते. नळ टाकणे, खांब उभारणे अशी कामे ही पेढी आडरानात घेई, आणि त्या वेळी तिचा एक तळ कच्छच्या रणाच्या कडेला पडला होता. तेथे टेलिफोनची तार पोचलेली नव्हती आणि मोबाइलचा मनोराही टप्प्यात नव्हता. तंबूशेजारी एक तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी केली होती, आणि तिच्या आधाराने तेथला टेलिफोन चाले. कतारगामच्या कचेरीत पाहावे तर टेबलावर नेहमीसारखेच यंत्र. शेजारच्या खोलीत बसलेल्या हिशेबनिसाला लावायचा तसाच तीन आकडी क्रमांक लावला की घंटी वाजे ती रणात!

टेलिफोनच्या टेबलाशी बसणाऱ्या बाई धुळ्याकडच्या होत्या. सुरतेत आपली खानदेशी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांतल्याच एक. कचेरीत गुजराती अधिक, तरी सारे त्यांना 'ताई' म्हणत. रणातला मुकादमही त्यांच्याच मुलखातला. दोघांचे संभाषण कानांवर पडले ते असे :

"ताई, सिमेंट अजून आलं नाही. झालं."

थोडी शांतता.

"किती गोण्या उरल्या आहेत, भाऊ? झालं."

पुन्हा शांतता.

"चाळीस. परवापर्यंत पुरतील. झालं."

हे 'झालं' काय प्रकरण आहे, असे मी विचारले तेव्हा बाई हसल्या. म्हणाल्या, "नवा माणूस आला की पहिले दोन दिवस भांडणातच जातात. तो विचारतो, मी लगेच सांगते. पण माझं सांगणं पोचायच्या आत त्याला वाटतं, बाई गप्प का? मग तो पुन्हा विचारतो. दोघांचे शब्द एकमेकांवर आपटतात. मग दोघंही थांबतो आणि दोघंही एकदम म्हणतो, 'बोला, बोला!' म्हणून हा शब्द ठरवला. तो ऐकल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही."

लखनौच्या नवाबांची 'आधी आपण' ही कथा आपण ऐकली आहे. त्यांची गाडी शिष्टाचारापायी चुकली. येथे तोच घोळ निसर्गनियमाने घातला होता.

वाचकहो, हा नियम समजण्यास फार गणित लागत नाही. पृथ्वीवरून पाहता आकाशात एकाच जागी स्थिर दिसणारे जे उपग्रह आहेत, ते विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतात. त्याच उंचीवर त्यांची एक फेरी पृथ्वीच्या एका फेरीइतक्या वेळात पुरी होते, म्हणून जमिनीवरची तबकडी एकदा रोखली की रोखली. रणातला शब्द आधी तितका वर जातो, तितकाच खाली मुख्य भूकेंद्रावर उतरतो आणि तेथून तारेने कतारगामला येतो. सुमारे ७२ हजार किलोमीटरांचा हा प्रवास प्रकाशाच्या वेगाने केला तरी पाव सेकंद लागतोच. उत्तराला परतीच्या वाटेने आणखी पाव. कच्छहून सुरतेला येण्यासाठी आवाजाने पृथ्वीला दोनदा प्रदक्षिणा घालण्याला जवळजवळ पुरेल इतकी वाट तुडवावयाची! एका तळावरून दुसऱ्या तळाशी बोलावयाचे झाले आणि शब्द भूकेंद्रावर उतरून पुन्हा वर चढला, तर हे मौन दुप्पट होते.

जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने याची मोजमापे बांधून दिली आहेत. एका बाजूचा उशीर सेकंदाच्या हजार भागांपैकी १५० भागांच्या आत असला तर बोलणाऱ्यांना सहसा त्रास होत नाही. ४०० भागांपलीकडे तो जाऊ नये. उपग्रहाचा टेलिफोन या दोन मर्यादांच्या मध्ये लोंबकळतो. म्हणजे ऐकू सारे येते, पण मन सारखे फसते.

त्यात इंटरनेटची रीत निराळी. जुन्या टेलिफोनात दोन माणसांसाठी एक वाट अखंड राखून ठेवलेली असे. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकेक पाठवितात. सेकंदाचे पन्नास तुकडे, आणि प्रत्येकावर ठावठिकाणा लिहिलेला. आवाज दाबून लहान करण्याची एक प्रचलित पद्धत घेतली तर एका तुकड्यात २० बाइट आवाज असतो, आणि त्यावरचा पत्ता ४० बाइटांचा! चिठ्ठीपेक्षा पाकीट दुप्पट जड, असा हा व्यवहार. तारेवर त्याचे कोणाला काही वाटत नाही. उपग्रहावर प्रत्येक बाइटाला पैसे पडतात, म्हणून तेथे पत्ताच आखडून दोनचार बाइटांत बसविण्याच्या युक्त्या करतात. शिवाय सारे तुकडे सारख्या अंतराने पोचत नाहीत. उशिराने येणाऱ्यांची वाट पाहण्यासाठी यंत्र त्यांना क्षणभर थोपवून धरते. मौन आणखी थोडे लांबते.

पावसाचीही एक गंमत आहे. अशा तबकड्यांपैकी पुष्कळशा ज्या लहरींवर चालतात त्या जोराच्या पावसात क्षीण होतात. रणात लख्ख ऊन पडलेले असते, पण मुख्य भूकेंद्रावर मुसळधार पाऊस कोसळत असला तर रणातला माणूस मुका होतो.

हे अर्ध्या सेकंदाचे मौन आपल्या मुलखाला नवे नाही. १९७१ साली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे देशाचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. त्याआधी परदेशाशी बोलणे रेडिओच्या लहरींवर चाले, खरखरीतून शब्द वेचावे लागत. आर्वीने आवाज स्वच्छ केला, पण त्याच्याबरोबर हा विरामही आणला. विलायतेतल्या मुलाशी तीन मिनिटे बोलून झाल्यावर 'तो पूर्वीसारखा मोकळेपणाने बोलत नाही' असे म्हणत डोळे पुसणाऱ्या आया त्या काळात किती असतील! मुलाचे प्रेम आटले नव्हते. त्याचा शब्द हिंदी महासागरावरच्या उपग्रहाला वळसा घालून येत होता, इतकेच.

पुढे १९७७ ते १९७९ या काळात इस्रो आणि डाक-तार खाते यांनी फ्रान्स व जर्मनी यांच्या 'सिम्फनी' उपग्रहावर दूरध्वनीचे प्रयोग केले. १९८१ साली आपला 'ॲपल' उपग्रह गेला. उड्डाणापूर्वीच्या एका चाचणीसाठी त्याला बैलगाडीवर ठेवलेले ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. गाडी लाकडाची, म्हणून चाचणीत धातूची बाधा नको यासाठी ती योजना होती. १९८३ साली इन्सॅट-१ बी आला आणि दुर्गम भागांना टेलिफोनची आशा दिसू लागली. इंटरनेटवरून बोलण्याला आपल्या सरकारने १ एप्रिल २००२ पासून मर्यादित मोकळीक दिली. तबकडी आणि इंटरनेट यांची अशी सोयरीक जुळली, आणि रणातल्या तंबूला कतारगामच्या कचेरीतला एक अंतर्गत क्रमांक मिळाला.

सोय मोठीच झाली. पण या सोयीत एक गोष्ट हरवली, आणि ती कोणती हे मला ताईंनी सांगितलेल्या हकिकतीवरून कळले.

एके दिवशी तळावर एका मजुराच्या पायावर नळ घसरून पडला. मुकादमाने टेलिफोन उचलला. तळावरचे टेलिफोन पेढीच्या खासगी जाळ्यातले. असली उपग्रहाची खासगी जाळी सार्वजनिक टेलिफोनला जोडण्यास आपल्याकडे बरीच वर्षे मनाई होती, तेव्हा १०८ क्रमांकाला थेट बोलण्याची सोय नव्हती. त्याने कतारगामला सांगावयाचे, आणि ताईंनी दुसऱ्या टेलिफोनवरून रुग्णवाहिका मागवावयाची. त्याच वेळी तळावरचा कारकून दिवसभराच्या कामाची छायाचित्रे मुख्य कचेरीला पाठवीत बसला होता. वाट अरुंद, तिच्यातून छायाचित्रांचे गाडे चाललेले, मुकादमाचे शब्द त्यांच्या चाकांखाली आले. 'पाय' ऐकू आले, 'रक्त' ऐकू आले, गावाचे नाव काही केल्या ऐकू येईना.

इकडे १०८ वर पहिला प्रश्न आला, "ठिकाण कोणते?" ताई बोलत होत्या सुरतेच्या क्रमांकावरून, आणि माणूस विव्हळत होता रणाच्या कडेला. जवळचे खेडे कोणते, कोणत्या सडकेने वळावयाचे, हे त्यांच्यापाशी लिहिलेले नव्हते. कारकुनाला थांबवून, तुटक्या शब्दांची जुळणी होऊन पत्ता सांगेपर्यंत वेळ गेला. गाडी पोचली, मजूर वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. लवकर मदत मिळती तर तो धड राहिला असता की नाही, हे कोण सांगणार? पण ताईंच्या मनातून तो वेळ जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पुठ्ठा घेतला. प्रत्येक तळापुढे जवळचे खेडे, सडक, वळणाची खूण, इस्पितळ आणि तेथील माहीतगाराचा क्रमांक असे ठळक अक्षरांत लिहून तो टेलिफोनवरच्या भिंतीला टांगला. मग मालकाकडे जाऊन यंत्रांची मांडणी बदलून घेतली. आवाजाचे तुकडे आले की छायाचित्रांनी बाजूला व्हावयाचे, हा नियम यंत्राला शिकविता येतो. तो कोणी शिकविला नव्हता, कारण कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. तबकडीवर पुष्कळ पैसे खर्चणाऱ्या पेढीला खरा शहाणपणा मिळाला तो एका पुठ्ठ्याने.

जुना टेलिफोन आपल्या जागेला खिळलेला असे. तार कोठून येते हे एक्स्चेंजला ठाऊक असे. नव्या टेलिफोनला क्रमांक आहे, गाव नाही. म्हणून गाव माणसानेच सांगितले पाहिजे, आणि आधी सांगितले पाहिजे.

आता उपग्रहच खाली उतरू लागले आहेत. सुमारे ५५० किलोमीटरांवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या झुंडी सोडल्या आहेत. त्यांच्या वाटेने बोलताना हे मौन जवळजवळ नाहीसे होते. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकला आपल्या देशाचा परवाना मिळाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांच्या दुर्गम भागांसाठी त्या कंपनीशी इरादापत्र केले. नंदुरबारच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रातला शब्द शहरातल्या डॉक्टरापर्यंत त्या क्षणीच पोचला, तर त्याहून आनंदाची गोष्ट कोणती? परंतु मौन गेले म्हणून पुठ्ठ्याची गरज जात नाही. बोलणारा कोठे आहे, कोणाचा शब्द आधी जावयाचा, आणि ऐकणाऱ्याने कोणत्या क्षणी गप्प राहावयाचे, हे ठरविण्याचे काम उपग्रह कितीही खाली आला तरी आपल्याच माथी राहणार आहे.

तोवर, वाचकहो, दूरच्या माणसाशी बोलताना त्याच्या उत्तराला उशीर झाला, तर लगेच त्याच्या मनाची परीक्षा करू नये. पाव सेकंद जाण्याचा, पाव सेकंद येण्याचा, एवढे देणे त्याला देऊन टाकावे. जवळच्या माणसांनाही आपण तेवढे दिले, तर घरातली किती भांडणे वाचतील!