‘क्लॅप’ : टाळी, मुहूर्त आणि परमा

क्लॅप म्हणजे टाळी, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. म्हणून एखाद्या इंग्रजी युद्धपटातला सैनिक ‘मला क्लॅप झालाय’ म्हणतो तेव्हा आपण गोंधळतो. तिथे तो गनोरियाबद्दल, म्हणजे आपण ज्याला परमा म्हणतो त्या लैंगिक आजाराबद्दल बोलत असतो. या शब्दाभोवती बऱ्याच कहाण्या फिरतात. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, एक मात्र नाही.

गैरसमज : क्लॅप हा मुळातच कौतुकाचा शब्द आहे.

जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धडधडणं, ठोके पडणं असा होता. मग दोन टणक वस्तू आपटल्याच्या आवाजालाही तोच शब्द लागू झाला. ढगांचा गडगडाट थंडरक्लॅप झाला, घंटेचा लोलक क्लॅपर झाला. हातांच्या टाळीसाठी तो चौदाव्या शतकात रुळला. मराठी चित्रपटाच्या मुहूर्ताला देतात तो क्लॅपही आवाजाचाच. चित्र आणि ध्वनी वेगवेगळे टिपले जातात. क्लॅपची पाटी मिटल्याची चौकट आणि तिच्या फटक्याचा आवाज एकत्र आणला, की पुढचे संवाद ओठांशी जुळतात.

गैरसमज : टाळी म्हणजे मनापासून दिलेली दाद.

रोमचा सम्राट नीरो गायला उभा राहायचा तेव्हा पाच हजारांहून अधिक तरुण टाळ्यांसाठी तयार ठेवलेले असत. त्यांना टाळीचे तीन प्रकार शिकवले होते, असं चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात पैसे घेऊन टाळ्या पिटणाऱ्यांच्या टोळ्याच होत्या. टाळी तर हाकलण्यासाठीही वाजे. स्फोट होण्याला इंग्रजीत ‘एक्सप्लोड’ म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ होता, नको असलेल्या नटाला टाळ्या वाजवून रंगमंचावरून हुसकावणं.

गैरसमज : पूर्वी रुग्णाचं लिंग दोन तळहातांत किंवा जाड पुस्तकात धरून आपटत आणि पू बाहेर काढत, म्हणून आजाराचं नाव क्लॅप पडलं.

ही कहाणी फार लोकप्रिय आहे, पण तिला भक्कम आधार नाही. आजाराच्या अर्थाने हा शब्द 1587 पासून इंग्रजीत सापडतो. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये शोधतात. तिथे ‘क्लापिए’ म्हणजे सशांची बिळं, आणि त्यावरून कुंटणखाना. जांघेतल्या गाठीलाही असाच एक शब्द होता. म्हणजे टाळीचा क्लॅप वेगळा आणि रोगाचा क्लॅप वेगळा. दोघांचा उच्चार तेवढा सारखा.

खरे उपचार मात्र कमी क्रूर नव्हते. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रजी युद्धनौकेच्या अवशेषांत मूत्रमार्गात औषध सोडायची धातूची पिचकारी मिळाली. त्या काळी पाऱ्याची औषधं वापरत. परमा आणि गरमी (सिफिलिस) हे एकाच रोगाचे दोन अवतार, असंही पुष्कळ वैद्य मानत. 1879 मध्ये आल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जिवाणू ओळखला. 1940च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि पहिल्यांदा खात्रीचा इलाज मिळाला.

दाबून पू काढला की आजार गेला, ही त्या कहाणीतली समजूतच घातक आहे. जिवाणू आत राहतो. तो शौचालयाच्या आसनावरून किंवा पोहण्याच्या तलावातून येत नाही, कारण शरीराबाहेर तो फार टिकत नाही. तो पसरतो लैंगिक संबंधांतून, आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांत. अनेक स्त्रियांना काहीच लक्षणं जाणवत नाहीत, पण गर्भनलिका खराब होऊन वंध्यत्व येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये प्रौढांना या संसर्गाची सुमारे 8 कोटी 20 लाख वेळा नव्याने लागण झाली. अनेक जुनी प्रतिजैविकं आता त्यावर चालत नाहीत. म्हणून दुकानातून स्वतःच गोळ्या आणून खाणं धोक्याचं.

लघवीला जळजळ होत असेल, स्राव जात असेल, तर लाजू नका. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी होते आणि नाव गुप्त ठेवतात. जाताना जोडीदारालाही सोबत न्या. दोघांपैकी एकानेही औषध टाळलं तर आजार परत होऊ शकतो.